भांगाची भरती

भोंगा पहिल्यांदा खोटा वाजला
तेव्हा मी वायरला दोष दिला.
दुसऱ्यांदा खाऱ्या हवेला.
तिसऱ्यांदा चोडणहून पुरसोचा फोन,
मागे बेडूक, आणि बायकोचं काहीतरी चाललेलं:
"बाये, उदक ना, कितेंच ना.
मानशीचें दार उक्तें, आनी हें बोवाळ घालता."
मग जरा थांबून,
"अश्टमेक वाजता तें. दर अश्टमेक."

मी हो हो म्हटलं.
चिपला तिथी कळत नाही, हे त्याला कुठे सांगत बसू?

रायबंदरच्या खोलीत, शेवटची फेरीबोट गेल्यावर
मी त्याची मानस पडद्यावर पुन्हा बांधली.
चिखल नाही, खाजन नाही, झडपेत अडकणारे खेकडे नाहीत.
अठ्ठावीस पायांचा एक मायक्रोकंट्रोलर,
गंज नावाची गोष्टच न ऐकलेला.
पाण्यावरचा गोळा म्हणजे एक आकडा,
दार म्हणजे एक बिट,
आणि मांडवीऐवजी साइन वेव्ह.

काय गुणी समुद्र होता तो!
बारा तास पंचवीस मिनिटांनी हजर,
दर वेळी त्याच उंचीला हात लावून परत.
चार मिनिटांत मी महिना संपवला.
सत्तावन्न भरत्या आल्या नि गेल्या,
भोंगा एकदाही नाही.
प्रोग्राम निर्दोष.
रात्री दीड वाजता
याहून चिडवणारं दुसरं काही नसतं.

रविवारी पलीकडे गेले.
पुरसो जाळं झटकत होता, बादलीत मूठभर सुंगटं.
त्याच्या खोपीत खिळ्याला कॅलेंडर,
दर तारखेखाली पेन्सिलीची रेघ:
पाणी चिऱ्यावरच्या खुणेच्या किती बोटं वर,
किती बोटं खाली.
सुंगटांच्या हिशेबासाठी ठेवलेलं, माझ्यासाठी नव्हे.
"हें व्हरूं?" विचारलं.
"व्हर. पूण हाड परत."

मग बोटांचे सेंटिमीटर केले,
माझा समुद्र पुसला, त्याचा घातला.
ब्रेकपॉइंट लावला भोंग्याच्या ओळीवर
आणि चहा ठेवायला उठले.
दूध उतू जायच्या आत तो थांबलेला होता.

तारीख अष्टमीची.
तिथून उलटी गेले, पाऊल पाऊल मागे.
पाणी खुणेला लागलं की मोजणी शून्य,
असं मीच लिहिलेलं.
पण भांगाचं पाणी खुणेला लागलंच नाही,
चार बोटं खालूनच मुकाट परतलं,
आणि मोजणी धावत राहिली, तिला कुणी थांब म्हणेना.
बारा तास. पंधरा. अठरा तास बारा मिनिटं.
पासष्ट हजार पाचशे चौतीस.
पासष्ट हजार पाचशे पस्तीस.
सोळा बिटांच्या डब्यात याहून जास्त मावत नाही.
शून्य.

आणि ऐन ओहोटीत, दार उघडं, काठ कोरडा,
त्या बिचाऱ्याला वाटलं, भरती आत्ता टेकली
आणि दार कुणी लावलेलं नाही.
ओरडणार नाही तर काय करील?
मी सांगितलं तेवढंच तो करत होता,
तेही जीव तोडून.

सोळाचे बत्तीस केले. एका शब्दाचा बदल.
आता तो एकशे छत्तीस वर्षांनी चुकेल.
तोवर मी नसेन, पुरसो नसेल,
लाकडी झडप असेल बहुधा;
तिला भरती ढकलते, ती मिटते,
तिच्या आत मोजायला काही ठेवलेलंच नाही.

पुढच्या अष्टमीला मी जागी होते.
पडद्यावर सगळं शांत. पण पडद्याचं काय,
तो आधीही शांतच होता.
फोन उशाशी. अठरा तास बारा मिनिटं उलटली.
वीस झाले. खाली नदीवर
कुणाची तरी होडी पगाऱ्याला आपटत होती.

सकाळी सहाला त्याचा फोन.
"बाये, वाजलें ना गो."
मी म्हटलं, मग बरंच झालं की.
"बरें कितें? वाजलें ना म्हण
दोन फावटी उठून पळोवन आयलों."

कॅलेंडर अजून माझ्याकडेच आहे.